वर्डप्रेसवर लेखांखालच्या कॉमेंट्स बंद, मालाखालचे अभिप्राय चालू: नेमकं कुठे काय बदलायचं?

टॉवेल_चादर (सोलापूर)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्याची वेबसाइट सांभाळायला घेतली आहे. वर्डप्रेस, त्यावर वूकॉमर्स (दुकान चालवणारं प्लगइन), ब्लॉक थीम, शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेक साइट्स) आणि पुढे क्लाउडफ्लेअरचा (पाहुणा आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणारी सेवा) फुकटचा प्लॅन. साइटचे दोन भाग आहेत. एक दुकान. दुसरा भाग लेखांचा: अस्सल सोलापुरी चादर कशी ओळखायची, जॅकार्डची नक्षी मागावर कशी चढते, टॉवेलचा जीएसएम म्हणजे काय, गड्डा यात्रेला (सोलापूरची संक्रांतीतली जत्रा) येणाऱ्यांसाठी माहिती वगैरे. असे चारेकशे लेख आहेत.

लेखांखाली रोज कॅसिनो, कर्ज आणि औषधांच्या लिंकांचा पाऊस पडतोय. त्यातच एखादा खरा प्रश्न अडकलेला असतो, "पंढरपूरला पाठवता का", "धुतल्यावर रंग जातो का" असा. सेटिंग्जमध्ये डिस्कशन उघडून "नव्या पोस्टवर कॉमेंट करू द्या" ही टिक काढली, तरी कॉमेंट्स थांबल्या नाहीत.

मालकांना हवं आहे ते असं. जुने लेख बंद व्हावेत, पण त्यांखालच्या चांगल्या जुन्या कॉमेंट्स दिसत राहाव्यात. मालाखालचे अभिप्राय चालू राहावेत. चार-पाच मार्गदर्शक लेखांवर प्रश्न विचारता यावेत, पण आपण मंजूर केल्यावरच ते दिसावेत. आणि आजवर साठलेला हजारो स्पॅमचा ढीग जावा. एका ओळखीच्यांनी सुचवलं की पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस थेट उघडायचं साधन) जाऊन कॉमेंट्सचं टेबलच रिकामं करा, दोन मिनिटांत काम होईल. करू का?

---

पार्क_चौक

आधी एवढंच वाचा: ते टेबल रिकामं करू नका.

वूकॉमर्स ऑर्डरच्या नोंदी त्याच कॉमेंट्सच्या टेबलात ठेवतं. ऑर्डर उघडल्यावर उजवीकडे जी पट्टी दिसते ना, "पैसे मिळाले, ट्रान्झॅक्शन आयडी अमुक", "साठा इतका कमी झाला", "स्थिती प्रोसेसिंगवरून कम्प्लीटेड", त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे त्या टेबलातली एक रांग आहे. तिचा प्रकार "ऑर्डर नोट". ऑर्डरी नव्या, वेगळ्या टेबलांत साठवण्याची सोय तुम्ही चालू केली असली तरी नोंदी राहतात इथेच. मालाचे अभिप्रायही इथेच असतात, "रिव्ह्यू" या प्रकाराखाली. टेबल रिकामं केलं तर स्पॅमबरोबर पैशांचा सगळा मागही पुसला जाईल, आणि उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने परताव्यावरून वाद घातला तर हातात काही उरणार नाही.

कॉमेंट्सच्या नेहमीच्या यादीत या नोंदी वूकॉमर्स लपवून ठेवतं. म्हणून बघणाऱ्याला वाटतं की टेबलात नुसता कचरा आहे. "सगळ्या कॉमेंट्स पुसा" असं बटण देणारं प्लगइन वापरतानाही हेच लक्षात ठेवा: प्रकार निवडायची सोय नसेल तर त्या बटणाला हात लावू नका.

ढीग काढायचा योग्य रस्ता असा. डेटाबेसचा बॅकअप आधी उतरवून घ्या. मग कॉमेंट्समध्ये जाऊन स्पॅमच्या टॅबवर "एम्प्टी स्पॅम" दाबा. शेअर्ड होस्टिंगवर हजारो रांगा एका दमात पुसल्या जात नाहीत. एकेक कॉमेंट वेगळी पुसली जाते, त्यामुळे वेळेची मर्यादा संपून पान पांढरं पडतं किंवा ५०४ (सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही) येतो. घाबरू नका, तोवर पुसलेलं पुसलेलंच असतं. पुन्हा उघडा, पुन्हा दाबा.

डेटाबेसमधूनच करायचं असेल तर अट एकच ठेवा: ज्या रांगेत "कॉमेंट अ‍ॅप्रूव्ह्ड" या रकान्यात "स्पॅम" हा शब्द आहे तीच पुसायची. ऑर्डरच्या नोंदींवर तिथे १ असतो, त्यामुळे त्या वाचतात. त्यानंतर कॉमेंट-मेटाच्या (कॉमेंटची जोड-माहिती ठेवणाऱ्या) टेबलात ज्यांची मूळ कॉमेंट उरली नाही अशा अनाथ रांगा राहतात, त्याही काढा. अकिस्मेट (स्पॅम गाळणारं प्लगइन) चालू असेल तर ते प्रत्येक कॉमेंटमागे मेटाच्या अनेक रांगा घालतं, आणि बहुतेक वेळा खरा फुगवटा तिथेच असतो. शेवटी दोन्ही टेबलांवर "ऑप्टिमाइझ" चालवा. नाहीतर रांगा जाऊनही होस्टिंगच्या पॅनलमध्ये डेटाबेसचा आकार तेवढाच दिसत राहतो.

---

होटगी_रोड

पार्क_चौक यांनी सांगितलं ते पहिलं. आता बंद करण्याकडे येऊ. तुमची टिक काढूनही कॉमेंट्स का येतात हे कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

वर्डप्रेसमध्ये कॉमेंट चालू की बंद हे प्रत्येक पोस्टवर वेगळं लिहिलेलं असतं. डिस्कशनमधली टिक फक्त यापुढे तयार होणाऱ्या पोस्टला जन्मतः काय मिळायचं ते ठरवते. आधीचे चारशे लेख "चालू" असा शिक्का घेऊन बसलेत, त्यांना या टिकेचं काही देणंघेणं नाही.

जुने बंद करायला पोस्ट्सच्या यादीत जा. वरच्या कोपऱ्यातल्या स्क्रीन ऑप्शन्समध्ये एका पानावर २० ऐवजी १०० पोस्ट्स दाखवा. सगळ्या निवडा, बल्क अ‍ॅक्शन्समधून "एडिट" घेऊन "अप्लाय" करा. जो खण उघडतो त्यात "कॉमेंट्स" आणि "पिंग्ज" असे दोन वेगळे पर्याय असतात. दोन्हींना "डू नॉट अलाउ" द्या आणि अपडेट करा. पुढचं पान, पुन्हा तेच. चार फेऱ्यांत काम संपतं.

तिथे १०० ऐवजी थेट ९९९ टाकायचा मोह होतो, तो आवरा. बल्क एडिटमध्ये निवडलेल्या प्रत्येक पोस्टचा आकडा पत्त्याच्या ओळीतून सर्व्हरकडे जातो. चारपाचशे पोस्ट्स एकदम निवडल्या की ती ओळ सर्व्हरच्या मर्यादेपलीकडे लांबते आणि ४१४ ही चूक येते. मग लोक समजतात की साइट बिघडली. काही बिघडलेलं नसतं, कमी निवडून पुन्हा करा.

पिंग्ज विसरू नका. पिंगबॅक आणि ट्रॅकबॅक म्हणजे दुसऱ्या साइटने तुमच्या लेखाची लिंक दिल्याची आपोआप येणारी सूचना. ती कॉमेंटच्याच रांगेत येऊन बसते, पण तिचा स्विच वेगळा आहे. कॉमेंट्स बंद आणि पिंग्ज चालू असं राहिलं तर स्पॅमवाल्यांना एक दार उघडंच मिळतं. आजकाल खऱ्या पिंगबॅकचा उपयोग जवळजवळ कुणालाच होत नाही, सरळ बंद करा.

फॉर्म लपवणं आणि कॉमेंट बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे पुष्कळ जण फसतात. साइट एडिटरमध्ये सिंगल पोस्टच्या टेम्प्लेटमधून कॉमेंट्सचा ब्लॉक काढला, किंवा सीएसएसने फॉर्म दिसेनासा केला, तर माणसाला तो दिसणार नाही. स्पॅमचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) मात्र तुमचं पान बघतच नाही. तो वर्डप्रेसच्या कॉमेंट स्वीकारणाऱ्या फाइलला, म्हणजे डब्ल्यूपी-कॉमेंट्स-पोस्टला, पोस्टचा आकडा आणि मजकूर थेट पाठवतो. शिक्का "चालू" असेल तर ती कॉमेंट आत येते, फॉर्म कुठेच नसला तरी. शिक्का "बंद" असेल तर त्याला ४०३ (परवानगी नाही) मिळतो आणि गोष्ट तिथेच संपते.

उलट बाजूने, बंद केल्यामुळे जुन्या मंजूर कॉमेंट्स लपत नाहीत. तुमच्या मालकांना तेच हवं आहे, म्हणजे टेम्प्लेटमधला ब्लॉक राहू द्या. एखादी जुनी कॉमेंट दिसू नये असं वाटलं तर "अनअ‍ॅप्रूव्ह" करा. ती मंजुरीच्या रांगेत जाऊन बसते, नंतर विचार बदलला तर परत आणता येते. कचरापेटीत टाकलेली मात्र ३० दिवसांनी कायमची जाते.

काम झाल्यावर कॅश (पानं लवकर दाखवण्यासाठी साठवलेल्या प्रती) रिकामी करा. प्लगइनची, होस्टिंगची आणि क्लाउडफ्लेअरची, जिथे जिथे असेल तिथली. कॅशमध्ये जुनं पान पडून राहिलं तर वाचकाला फॉर्म दिसतो, बिचारा पाच ओळी टाइप करतो आणि बटण दाबल्यावर "कॉमेंट्स बंद आहेत" असं उत्तर मिळतं. खऱ्या गिऱ्हाइकाला असं वागवायचं नसतं.

बरेच जण सल्ला देतील की एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (सर्व्हरचे नियम लिहायची फाइल) ती कॉमेंट स्वीकारणारी फाइलच बंद करा, म्हणजे बॉटमुळे पीएचपीवर पडणारा ताणही वाचेल. नुसत्या लेखांच्या साइटवर तो सल्ला उत्तम आहे. तुमच्या साइटवर तो चालणार नाही, कारण मालाचे अभिप्रायही त्याच फाइलमधून येतात.

आता चार-पाच मार्गदर्शक लेख. डिस्कशनमध्ये "इतक्या दिवसांपेक्षा जुन्या पोस्टवरच्या कॉमेंट्स आपोआप बंद करा" असं एक सेटिंग आहे. मुळात तिथे १४ दिवस लिहिलेले असतात. ते चालू केलं तर तुमचे मार्गदर्शक लेखही १४ दिवसांनी बंद पडतील, त्या लेखावर तुम्ही हाताने "चालू" केलं असलं तरी. पण हे सेटिंग फक्त "पोस्ट" या प्रकाराला लागू आहे, "पेज"ला नाही. म्हणून मार्गदर्शक मजकूर पेज म्हणून ठेवा. पेजवर कॉमेंट्स मुळातच बंद असतात (वर्डप्रेस ४.३ पासून तसं आहे), तेव्हा त्या चार-पाच पेजांच्या एडिटरमध्ये उजव्या पट्टीतल्या डिस्कशनमध्ये जाऊन चालू करा. पोस्टचं पेज केल्यावर पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावरून ३०१ (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) लावा, गूगलवरून येणारे वाचक हरवू नयेत.

गड्डा यात्रेच्या लेखाला मात्र हे आपोआप बंद होणारं सेटिंग अगदी योग्य बसतं. यात्रा संक्रांतीला. वाहतूक, पार्किंग, नंदीध्वजांची मिरवणूक यांचे प्रश्न जानेवारीत येतात आणि उत्तरं त्याच वर्षापुरती खरी असतात. गेल्या वर्षी दिलेलं "अमुक रस्ता बंद आहे" हे उत्तर यंदा कुणी वाचलं तर तो गावभर फिरत बसेल. दरवर्षी नवी पोस्ट, महिन्याची मुदत, आणि जुन्या पोस्टच्या वर नव्या पोस्टची लिंक.

---

नवी_पेठ_वूमन

दुकानाबद्दल थोडं, कारण लेखांना लावलेले नियम मालाला तसेच चिकटतात आणि ते पटकन लक्षात येत नाही.

अभिप्रायांचा मुख्य स्विच वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये, प्रॉडक्ट्सच्या टॅबमध्ये आहे. एखाद्याच मालावर बंद करायचे असतील तर त्या मालाच्या पानावर प्रॉडक्ट डेटामधल्या "अ‍ॅडव्हान्स्ड"मध्ये जा. तोही आतून तोच शिक्का आहे जो पोस्टवर असतो. म्हणून कुणी डेटाबेसमधून "सगळीकडे बंद" असं अपडेट चालवलं आणि पोस्टचा प्रकार सांगायला विसरलं, तर सगळ्या मालावरचे अभिप्राय एका फटक्यात बंद होतात.

"नोंदणी करून लॉग-इन केलेल्यांनाच कॉमेंट करता येईल" हे डिस्कशनमधलं सेटिंगही लेख आणि माल दोघांना लागू होतं. ते चालू केलं आणि साइटवर खातं उघडायची सोय बंद असेल तर कुणालाच काही लिहिता येत नाही. सोय उघडली तर खोट्या खात्यांचा सुळसुळाट होतो. तुमच्यासारख्या दुकानाने यात पडू नये असं माझं मत आहे.

"ज्यांनी खरेदी केली त्यांनाच अभिप्राय देता येईल" ही टिक दिसायला फार छान आहे. पण वूकॉमर्स तेव्हा लॉग-इन केलेल्या खात्याची खरेदी तपासतं. आपल्याकडे बहुतेक गिऱ्हाईक पाहुणा म्हणून, खातं न उघडता ऑर्डर देतं. त्याने चादर घेतलेली असते, चार धुण्यांनंतर मन लावून लिहायला येतो, आणि साइट त्याला सांगते की तुम्ही विकत घेतलेली नाही. टिक काढा. त्याऐवजी "खरेदीदार" असा शिक्का दाखवायची टिक ठेवा आणि मंजुरी हाताने द्या.

मंजुरी देताना नाराजीचा अभिप्राय अडवू नका. "टॉवेल पहिल्या धुण्यात आक्रसला" असं कुणी लिहिलं तर खाली उत्तर द्या: सुती टॉवेल पहिल्या धुण्यात थोडा आक्रसतोच, गरम पाण्यात जास्त, माप घेऊन कळवा. नाराज गिऱ्हाइकाला दिलेलं नीट उत्तर वाचून दहा जण माल घेतात.

---

टॉवेल_चादर

मनापासून आभार. मी एकदम सगळ्या पोस्ट्स निवडल्या होत्या आणि ४१४ आला होता, कारण आत्ता कळलं. १०० च्या गटांत झालं. ऑर्डरच्या नोंदी बॅकअपमध्ये तपासल्या, खरंच त्याच टेबलात आहेत.

आता त्या चार-पाच पेजांबद्दल. तिथे स्पॅम येणारच. मी शब्दांची यादी टाकायला घेतली: कर्ज, लोन, कॅसिनो, सट्टा. शिवाय एक फिल्टर सुचवला गेलाय की कॉमेंटमध्ये मराठी अक्षर नसेल तर थेट फेकून द्यायची. आणि सतत त्रास देणाऱ्या आयपीही ब्लॉक करणार आहे. ठीक आहे ना?

---

विजापूर_वेस

तिन्ही गोष्टींत जरा थांबा.

शब्दांची यादी. डिस्कशनमध्ये दोन खोके आहेत. वरच्या खोक्यातला शब्द सापडला तर कॉमेंट मंजुरीसाठी थांबते. खालच्या, "डिसअलाउड" खोक्यातला सापडला तर ती थेट कचरापेटीत जाते आणि तुम्हाला ईमेलही येत नाही. दोन्हींत शब्द अख्खा जुळवला जात नाही, शब्दाच्या पोटातही शोधला जातो. "कर्ज" टाकलं की "कर्जत" अडकतं. तिकडून कुणी "कर्जतला किती दिवसांत पोचेल" विचारलं की प्रश्न गेला. "लोन" टाकलं की सलोनी नावाची प्रत्येक मुलगी अडकते, कारण मजकुराबरोबर नाव, ईमेल, वेबसाइटचा पत्ता, आयपी आणि ब्राउझरची ओळख या सगळ्यांत तो शब्द शोधला जातो. तेव्हा आखूड शब्द वरच्या खोक्यातच ठेवा. खालच्या खोक्यात फक्त अशा गोष्टी टाका ज्या खऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी कधीच येणार नाहीत: स्पॅममध्ये पुन्हापुन्हा दिसणारं एखादं डोमेन, एखादं लांबलचक औषधाचं नाव. एका ओळीत एकच.

मराठी अक्षराचा फिल्टर. दोन कारणांनी थेट फेकू नका. पहिलं, आपले अर्धे लोक फोनवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, "chadar chi size kay" असं नाही तर नुसतं "price please". दुसरं कारण सोलापूरच आहे. इथे घराघरांत तेलुगू आणि कन्नड बोललं जातं, उर्दूही आहे, आणि विजापूर, गुलबर्ग्याकडचं गिऱ्हाईक वेगळंच. पूर्वभागातल्या विणकर कुटुंबातलं कुणी तेलुगूत दोन ओळी लिहील आणि तुमचा फिल्टर त्याला स्पॅम ठरवेल. फिल्टर लावायचाच तर असा लावा: कॉमेंटमध्ये देवनागरी, तेलुगू, कन्नड किंवा अरबी लिपीतलं एकही अक्षर नसेल तर ती मंजुरीसाठी थांबवायची, फेकायची नाही. यूनिकोडमध्ये देवनागरी ०९०० ते ०९७एफ, तेलुगू ०सी०० ते ०सी७एफ, कन्नड ०सी८० ते ०सीएफएफ, आणि उर्दूसाठी ०६०० ते ०६एफएफ. थीममध्ये कोड लिहिणारं कुणी असेल तर "प्री कॉमेंट अ‍ॅप्रूव्ह्ड" या हुकवर (वर्डप्रेसने आपला कोड जोडायला ठेवलेल्या जागेवर) हे दहा ओळींचं काम आहे. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला जोडलेल्या आपल्या वेगळ्या थीममध्ये) किंवा छोट्या स्वतंत्र प्लगइनमध्ये घाला, नाहीतर थीम अपडेट झाली की कोड गेला. तुम्ही त्या पेजांवर सरसकट मंजुरीच ठेवणार असाल तर याची गरजही नाही.

आयपी. हे करूच नका. तुमच्यापुढे क्लाउडफ्लेअर आहे. होस्टिंगवाल्याने मूळ पाहुण्याची आयपी परत मिळवायची सोय केली नसेल तर वर्डप्रेसला प्रत्येक कॉमेंटवर क्लाउडफ्लेअरचीच आयपी दिसते. ती यादीत टाकली की त्या वाटेने येणारा प्रत्येक माणूस कचरापेटीत. आधी स्वतःच्या फोनवरून एक कॉमेंट टाका आणि तिथे नोंदलेली आयपी तुमची खरी आहे का ते बघा. खरी असली तरी मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे पुष्कळ ग्राहक ठेवतात, आणि स्पॅमवाले तर दर खेपेला नवी वापरतात. शिवाय आयपीही पोटातल्या तुकड्यासारखीच जुळवली जाते, म्हणजे अर्धवट आकडा टाकला तर भलत्याच पत्त्यांना लागतो.

---

होटगी_रोड

विजापूर_वेस यांच्या म्हणण्यात भर घालतो, मंजुरीच्या दोन टिकांबद्दल.

"प्रत्येक कॉमेंट हाताने मंजूर करावी" आणि "लेखकाची आधीची एखादी कॉमेंट मंजूर असावी" या दोन टिका शेजारी शेजारी आहेत. दुसरी सोयीची वाटते: एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी आपोआप आत. पण ती ओळख फक्त नाव आणि ईमेल जुळण्यावर ठरते, आणि ईमेल खरा आहे का हे कुणी तपासत नाही. म्हणून स्पॅमवाले पहिली कॉमेंट "खूप उपयुक्त माहिती, धन्यवाद" अशी निरुपद्रवी टाकतात. ती मंजूर झाली की त्याच नावाने लिंका. लेखाशी काडीचाही संबंध नसलेली कोरडी स्तुती, आणि वेबसाइटच्या रकान्यात काहीतरी पत्ता, अशी कॉमेंट दिसली तर स्पॅम म्हणूनच नोंदवा. तुमच्याकडे चार-पाच पेजं आहेत, पहिली टिकच ठेवा.

"२ किंवा जास्त लिंका असतील तर थांबवा" तिथे १ करा. चादरीबद्दल विचारणाऱ्याला लिंक द्यायची गरज कधी पडत नाही. फॉर्ममधला वेबसाइटचा रकानाही काढून टाका, तीन ओळींचा कोड लागतो. स्पॅमवाल्याला तोच रकाना हवा असतो. वर्डप्रेस कॉमेंटमधल्या लिंकांना आपणहून "नोफॉलो" आणि "यूजीसी" लावतं, त्यामुळे गूगलच्या क्रमवारीत त्यांना फायदा होत नाही, तरी बॉट यायचे थांबत नाहीत.

गाळणीबद्दल: अकिस्मेट चांगलं आहे, पण त्याचा फुकट प्लॅन वैयक्तिक, बिनव्यापारी साइटसाठी आहे. तुमचं दुकान आहे, पैसे भरावे लागतील. पैसे भरायचे नसतील तर अँटिस्पॅम बी घ्या. त्याला नोंदणीची की (किल्ली) लागत नाही, व्यापारी साइटवरही फुकट चालतं. त्यात "अमुक भाषेतल्याच कॉमेंट्स घ्या" असा एक पर्याय आहे, तो वर सांगितलेल्या कारणासाठी बंदच ठेवा. सोबत क्लाउडफ्लेअरचं टर्नस्टाइल (माणूस की बॉट हे तपासणारं साधन) लावा, तेही फुकट आहे आणि वाचकाला ट्रॅफिक सिग्नल ओळखत बसावं लागत नाही. दोन्ही मिळून बॉटचा मोठा भाग दारातच अडतो. तिसरं प्लगइन घालू नका. गाळण्या एकमेकींत अडकल्या की खरी कॉमेंट कुणी अडवली हेच शोधता येत नाही.

स्पॅम दिसल्यावर "ट्रॅश" न दाबता "स्पॅम" दाबा. गाळणीला त्यावरून शिकता येतं. चुकून स्पॅममध्ये गेलेली खरी कॉमेंट "नॉट स्पॅम"ने बाहेर काढा. आठवड्यातून एकदा तरी स्पॅमचा टॅब वरून खाली बघा, कारण अकिस्मेट १५ दिवसांनी तिथला माल आपोआप पुसतं.

---

सात_रस्ता

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्या वाचनालयाची साइट ब्लॉगरवर आहे. तिथे यातलं काय लागू होतं?

---

पार्क_चौक

ब्लॉगरवर हे फार सोपं आहे. सेटिंग्जमध्ये कॉमेंट्सचा भाग बघा. "कॉमेंट लोकेशन"ला "हाइड" केलं की सगळ्या पोस्ट्सवरचा फॉर्म आणि जुन्या कॉमेंट्स दोन्ही दिसेनासे होतात. पुसल्या जात नाहीत, परत "एम्बेडेड" केलं की येतात. एकाच पोस्टपुरतं करायचं तर पोस्टच्या एडिटरमधल्या ऑप्शन्समध्ये तीन पर्याय मिळतात: चालू, बंद पण जुन्या दाखवा, बंद आणि जुन्याही लपवा. वाचनालयाला मधला पर्याय बरा.

पूर्ण बंद करायचं नसेल तर "कोण कॉमेंट करू शकतं"मध्ये गूगल खातेधारक निवडा आणि मॉडरेशन "समटाइम्स"वर ठेवा. म्हणजे ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या पोस्टवरच्याच कॉमेंट्स मंजुरीला थांबतात, आणि स्पॅम मुख्यतः जुन्या पोस्टवरच येतो.

---

नवी_पेठ_वूमन

टॉवेल_चादर, दोन गोष्टी राहिल्या.

लोक कॉमेंटमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता लिहितात, "या नंबरवर फोन करा" म्हणून. तसा तो प्रसिद्ध होऊ देऊ नका. तो नंबर उचलून फसवणुकीचे फोन करणारे टपलेले असतात. नंबर वहीत उतरवून घ्या, कॉमेंटमधून काढा, तिथे "नंबर काढला आहे, आम्ही संपर्क करतो" असं लिहा आणि मगच मंजूर करा. एवढं सोडून दुसऱ्याच्या वाक्याला हात लावू नका. ठेवायची तर जशी आहे तशी ठेवा, नाहीतर काढा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ दुसऱ्यांच्या मजकुराबद्दल साइटवाल्याला जे संरक्षण देतं, त्याची एक अट हीच आहे की मजकूर तुम्ही निवडलेला किंवा बदललेला नसावा. कुणी शब्दच फिरवले आणि त्यातून बदनामीची तक्रार झाली तर ते वाक्य तुमचं ठरायला वेळ लागणार नाही.

फॉर्मच्या वर दोन ओळी लिहून ठेवा: कॉमेंट मंजूर झाल्यावर दिसेल, फोन नंबर लिहू नये, ऑर्डरच्या तक्रारीसाठी अमुक व्हॉट्सअ‍ॅप. नाहीतर माणूस लिहितो, कॉमेंट दिसत नाही, तो पुन्हा लिहितो, "डुप्लिकेट" असा संदेश बघून वैतागून निघून जातो.

मंजुरीचं काम दुकानातल्या ज्या मुलाला देणार असाल त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊ नका. पेजांवरच्या कॉमेंट्ससाठी "एडिटर" भूमिकेचं वेगळं खातं पुरेसं आहे.

---

टॉवेल_चादर

शेवटचा प्रश्न. "मंजुरीसाठी कॉमेंट थांबली" याची ईमेल चालू ठेवली तर मालकांचा इनबॉक्स भरून जातोय. बंद केली तर खरे प्रश्न पडून राहतात.

---

विजापूर_वेस

डिस्कशनमध्ये ईमेलच्या दोन टिका आहेत. "कुणीही कॉमेंट केल्यावर" ही काढा, "मंजुरीसाठी थांबल्यावर" ही ठेवा. गाळणीने स्पॅम ठरवलेल्या कॉमेंटची ईमेल येत नाही. त्यामुळे टर्नस्टाइल आणि अँटिस्पॅम बी बसवल्यावर जे उरेल तेवढंच येईल. ही ईमेल सेटिंग्जमधल्या "जनरल"मधल्या अ‍ॅडमिन ईमेलवर जाते. तिथे मालकांचा पत्ता न ठेवता दुकानाचा सामाईक पत्ता ठेवा. शेअर्ड होस्टिंगवरून निघालेली ईमेल जीमेल पुष्कळदा स्पॅममध्ये टाकतं, म्हणून एखादं एसएमटीपी प्लगइन लावून खऱ्या मेलबॉक्समधूनच पाठवा. होस्टिंगवर तासाला किती ईमेल पाठवता येतात याची मर्यादा असते. स्पॅमच्या सूचनांनी ती भरली तर गिऱ्हाइकाला ऑर्डरची पोच जात नाही, आणि तो फोन करून विचारतो की पैसे पोचले का. तुमच्याकडे अलीकडे असे फोन वाढले असतील तर कारण बहुधा हेच असेल. होस्टिंगच्या पॅनलमध्ये मेल-लॉग असतो, त्यात अडकलेल्या ईमेल वेळेसकट दिसतात, तिथून खात्री करून घ्या.